यादीतली बाई

नातीने माझा शिरा बाजूला सारला, तिथून हे सुरू झालं.

२०१६चा जुलै महिना होता. पामर्स्टन नॉर्थला, परदेशातल्या या गावात, ऋतू आपल्या उलटे, म्हणून तेव्हा कडाक्याची थंडी असते. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरवणारं वारं गावातल्या घरांनाही सोडत नाही. माझा मुलगा इथे मातीवर संशोधन करतो, सून हॉस्पिटलच्या औषधांच्या विभागात आहे. त्या वर्षी मी सहा महिन्यांसाठी आले होते आणि महिन्याभराने विहीणबाईही आल्या. सून म्हणाली, "दोन्ही आज्या एका घरात, किती छान ना!"

"छानच की," मी म्हणाले.

छान नव्हतं. विहीणबाई पुण्याच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी चौथी शिकले आणि पुढे कित्येक वर्षं मुलांच्या वसतिगृहात भाकऱ्या थापल्या. नात दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. माझ्याशी बोलताना ती लहान लहान शब्द निवडून सावकाश बोलायची, जसं आपण कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतो तसं. विहीणबाईंशी मात्र धो धो. दोघी सोफ्यावर एका पांघरुणात बसून हसत असायच्या. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "काय गं झालं?" नात म्हणायची, "नथिंग, आजी."

मी 'गावची आजी', त्या 'पुण्याची आजी'. सून मला 'अहो आई' म्हणते आणि स्वतःच्या आईला नुसतं 'आई'. यात कुणाचं चुकतं असं नाही, रीतच आहे. पण त्या 'अहो'ची मला रोज ठेच लागायची.

माझी म्हणून एकच गोष्ट होती. सकाळी शाळेआधी नातीची वेणी घालणं. तेवढी दहा मिनिटं तिचं डोकं माझ्या हातात असायचं. मग विहीणबाईंनी फोनवर बघून फ्रेंच वेणी शिकून घेतली. पहिल्यांदा घातली तेव्हा मुलगासुद्धा म्हणाला, "वा, मस्त दिसतेय." मी कंगवा धुऊन जागेवर ठेवला. त्याला काही लागलेलं नव्हतं, तरी धुतला.

तर शिरा. शाळेतून आल्यावर तिला मी गरम शिरा दिला. ती म्हणाली, "नो शुगर, आजी." वाटी सरकवून दिली. विहीणबाईंना मधुमेह. मला वाटलं, यांनीच पोरीच्या डोक्यात भरवलं. मी एरवी कुणाला तोंडावर काही बोलत नाही, पण त्या दिवशी विचारलं, "तुम्ही सांगितलंत का तिला, साखर खाऊ नको म्हणून?"

"मी? अहो, मी स्वतः चोरून खाते, मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर तो शिरा त्यांनीच संपवला.

संध्याकाळी सुनेने खरं काय ते सांगितलं. वर्गात गुलामगिरीचा इतिहास चालू होता. आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून दूरच्या देशांत नेत, विकत, आणि उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवत. त्या काळी इंग्लंडातल्या कितीतरी बायकांनी ठरवलं, की गुलामांच्या हातची साखर आम्ही घरात आणणार नाही. चहा बिनसाखरेचा प्यायल्या. ते ऐकून या पोरांनी आठवडाभर साखर सोडली होती.

"मग गूळ चालेल का?" मी नातीला विचारलं.

तिने खरंच विचार केला. म्हणाली, टीचरला विचारून सांगते.

त्याच वर्गाने पुढच्या शुक्रवारी एक सकाळ ठरवली होती. प्रत्येक मुलाने आपल्या घरातलं एक मोठं माणूस आणायचं आणि त्या माणसाने घराण्याची एखादी जुनी गोष्ट सांगायची. जागा कमी, म्हणून एकच माणूस. नातीने जेवताना हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी विहीणबाईंकडे बघितलं. मीही बघितलं. आणि मला इतकं वाईट वाटलं, की हातातला घास तसाच राहिला. मला न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात मात्र तेव्हापासून तेवढं एकच होतं. नातीने मला न्यावं. मी तिथे जाऊन काय करणार, कुठल्या भाषेत बोलणार, हा विचार मी केला नाही. तिने म्हणावं, एवढंच हवं होतं.

विहीणबाई तयारीला लागल्या. त्यांच्या माहेरच्या घराण्यात एक जुना कागद होता, मोडी लिपीतला. कुणाकडून तरी तो वाचून घेऊन त्यांनी बाळबोध अक्षरात उतरवून आणला होता. कुणा खापरपणजीच्या लग्नात मुलीबरोबर काय काय आंदण दिलं, त्याची यादी. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना वाचून दाखवली. नातीला एकेक गोष्ट इंग्रजीत समजावत होत्या.

"मोत्यांची नथ. पाटल्यांचा जोड. तांब्याचे हंडे, गंगाळ, समया. दुभती म्हैस रेडकासह. कुणबीण एक, वर्षे नऊ. शिसवी पलंग..."

"वेट," नात म्हणाली. "म्हशीच्या मागून काय?"

हे मराठीत म्हणाली, घाईत.

"मेड, बाळा. कामवाली. मुलगी सासरी जाताना तिच्या सोबतीला द्यायचे, तिला एकटं वाटू नये म्हणून."

"ती नऊ वर्षांची होती?"

"नवरीही नऊचीच होती. मैत्रिणीसारख्या असायच्या."

नातीचं समाधान झालं नव्हतं. ती कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पण मग ती लिस्टमध्ये का? नवरी तर लिस्टमध्ये नाही."

विहीणबाई हसल्या आणि पलंगाकडे वळल्या, "शिसवी पलंग म्हणजे बघ..."

तेव्हा मी बोलले. खरं सांगायचं तर त्या नऊ वर्षांच्या पोरीची दया येऊन बोलले नाही. मला विहीणबाईंचा तो कागद, तो चष्मा, त्यांच्या खांद्याला टेकलेली माझी नात हे सगळं बघवेना. त्यांच्या यादीवर पाणी पडावं म्हणून बोलले.

"कामवाली नव्हे ती," मी म्हणाले. "कामवालीला संध्याकाळी स्वतःच्या घरी जाता येतं. कुणबीण म्हणजे विकत आणलेली नाहीतर आंदण दिलेली. तिला पगार नाही, माहेर नाही. तिला पोर झालं तर तेही त्याच घराचं. तुझ्या वर्गात शिकवतात ना, तीच ही."

"अहो विहीणबाई, तेवढं काही—" त्या म्हणाल्या.

"माझ्या आईच्या आजीची आजी तशीच होती."

मुलगा हातातला पेला खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. सून उठून ताटं गोळा करायला लागली, मग तशीच उभी राहिली. आमच्या घराण्यात सोयरीक जुळवताना लोक आवाज खाली करून का बोलतात, हे मी मुलाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आईने मला सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, पोटात ठेव.

आता तोंडातून निघालंच होतं. आईने सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. तिलाही कुणा नवरीबरोबर आंदण दिलं होतं. नवरी पालखीत आणि ही पालखीच्या मागून डोक्यावर डबा घेऊन चालत, दोन दिवस. पुढे तिला त्याच घरात मुलगी झाली. बाप कोण ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. काही वर्षांनी ती नवरी वारली आणि त्या घराचे दिवस फिरले. एके दिवशी ही मुलीला कडेवर घेऊन वेशीबाहेर चालती झाली. कुणी अडवलं नाही. दुसऱ्या गावी जाऊन लोकांचं दळण दळून राहिली.

"म्हणून आमच्यात," मी म्हणाले, "मुलगी सासरी निघते तेव्हा तिची आई सगळ्यांसमोर तिला तीनदा विचारते, 'कोण धाडतंय तुला?' आणि मुलीने म्हणायचं, 'कुणी नाही. माझी मी जाते.' तसं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं होतं. लाजेनं आवाज फुटत नव्हता, तर आईने चौथ्यांदा विचारलं."

"कायद्याने तर तोवर बंदी आली असणार," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "कंपनी सरकारनं..."

"आली असेल. तिला कुणी सांगितली नाही."

नात उठून माझ्या खुर्चीपाशी आली होती. ती वडिलांकडे बघून म्हणाली, "आय वॉन्ट गावची आजी." एवढं इंग्रजी मला कळतं.

त्या क्षणी मला जे झालं ते लिहायला लाज वाटते. माझ्या आईने पोटात ठेवायला सांगितलेलं सगळं मी जेवणाच्या टेबलावर ओतलं होतं, आणि मला आनंद झाला होता. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या यादीची घडी घालत होत्या.

पण रात्री झोप घेऊन उठले तोवर माझं बळ गेलं होतं. अनोळखी माणसांसमोर उभं राहायला मला कधीच जमलं नाही. वसतिगृहात निरोप समारंभ होता तेव्हाही मी भांडी घासत मोरीतच बसले होते. सकाळी सून म्हणाली, "अहो आई, तुम्ही नक्की जाल ना? ती भाषांतर करेल, काळजी करू नका." ती मनापासून विचारत होती. आणि मी म्हणाले, "नको बाई. त्यांनाच जाऊ दे. त्यांना बोलता येतं."

नात बूट घालत होती. तिने ऐकलं. "ओके," म्हणाली आणि त्या दिवशी वेणी न घालताच गेली.

मग चार दिवस मी विहीणबाईंना तयारी करताना बघत होते. त्यांनी मला दोन-तीनदा विचारलं, "दळण दळायची ते गाव कुठलं?" "मुलीचं पुढे काय झालं?" वहीत टिपून घेत होत्या. माझी गोष्ट त्यांच्या सुंदर अक्षरात उतरत होती, आणि मीच ती त्यांना देत होते. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? मीच 'जा' म्हटलं होतं. रात्री अंथरुणात पडल्यावर मला वाटायचं, ताप येऊन यांचं जाणं राहिलं तर? सकाळी उठून त्यांना आल्याचा चहा करून द्यायचे.

शुक्रवारी प्रत्येकाने खायला काहीतरी न्यायचं होतं. मी शंकरपाळे केले. नातीचा बिनसाखरेचा आठवडा संपला होता. डबा जड होता म्हणून मलाही बरोबर यावं लागलं. वर्गात खाऊच्या टेबलापाशी मागे उभं राहायला हरकत नव्हती; गाडी चालवणारी सूनही तिथेच थांबणार होती. गाडीतून उतरलो तेव्हा विहीणबाई आणि नात पुढे, यादीची फाईल घेऊन. मी मागून डबा घेऊन.

आमच्या आधी एका मुलाची आजी बोलली. टोकेलाऊ नावाच्या लहानशा बेटांवरची, अंगाने भरदार, केसांत फूल. ती काय म्हणते ते सुनेने मला नंतर समजावलं, पण तेव्हाही पुष्कळ कळलं. तिच्या बेटावर परदेशी जहाजं आली होती, पेरू देशाकडे माणसं राबायला न्यायला. पुरुषांना फसवून, पकडून नेलं. मागे बायका, म्हातारी आणि पोरं राहिली. नेलेले परत आलेच नाहीत. तिने तिच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव घेतलं, मोठ्याने, छातीवर हात ठेवून, आणि मग बसल्या बसल्या एक गाणं म्हटलं. शिक्षिकेने डोळे पुसले.

आणि मला तिचासुद्धा हेवा वाटला. असल्या दुःखाचा कुणी हेवा करतं का? पण वाटला. तिच्या माणसाला नाव होतं. जहाज होतं, बेट होतं, नेणारे परके होते. तिला ते छाती पुढे काढून सांगता येत होतं. आमच्या बाईला नेणारे आमच्याच भाषेत बोलणारे होते, एकच देव पुजणारे, आणि आम्ही ते लपवून ठेवलं, जणू काही चूक तिचीच होती.

मग विहीणबाई उठल्या. काय बोलल्या! शिकवण्याची सवय, आवाज खणखणीत. यादी दाखवली, हंडे-समया सांगितल्या. मग ती कुणबीण. तिच्या ओळीवरचं बोट त्यांनी सरळ माझ्याकडे वळवलं, आणि तेवढ्यावरून माझ्या लक्षात आलं, की त्या दोघींची एकच बाई करून सांगत आहेत. त्यांच्या यादीतली आणि आमची. त्यांच्या खापरपणजीबरोबर गेलेली तीच पुढे चालती झाली, आणि तिची नात-पणती म्हणजे मी, आणि आता बघा, तीच दोन घराणी लग्नाने जोडली गेली. पोरं "वॉव" म्हणाली. शेवटी त्या म्हणाल्या, "शी वॉज लाइक अ डॉटर ऑफ द हाउस."

डॉटर मला कळतं. हाउस कळतं.

"नाही," मी म्हणाले.

मराठीत आणि फार मोठ्याने नाही. पण वर्ग लहान. सगळे वळले. शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. मला पळून जावंसं वाटलं.

नात पुढून चालत माझ्यापाशी आली. "मग काय, आजी?" तिने विचारलं. सगळ्यांसमोर, मराठीत.

"ती वेगळी," मी म्हणाले. "पुण्याच्या आजीच्या यादीतली वेगळी, आपली वेगळी. त्या यादीतल्या पोरीचं पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. ती चालती झाली असं सांगू नका. नसेलही झाली. आणि घरच्या मुलीसारखी नव्हती. घरच्या मुलीला कुणी म्हशीच्या खाली लिहीत नाही."

नात एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. तिचा आवाज माझ्यासारखाच बारीक झाला होता. एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, तुमच्या बाईचं नाव काय होतं?

नातीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही माहीत. आईलाही माहीत नव्हतं.

परतताना गाडीत विहीणबाई म्हणाल्या, "मला वाटलं, तसं सांगितलं तर दोन्ही घरांना बरं वाटेल."

"तुमच्या घराला," मी म्हणाले. इतकं तोडून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सून आरशातून मागे बघत होती.

संध्याकाळी मुलगा माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला. "मला का नाही सांगितलंस, आई?"

"तुझं लग्न व्हायचं होतं."

त्याने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाला, "तिच्या आईसमोर असं एकदम..." आणि वाक्य सोडून दिलं. त्याला माझा अभिमान वाटला असं मी लिहिणार नाही. त्याला संकोच वाटला. त्या दिवसांत तो सासूबाईंच्या ताटाकडे जरा जास्तच लक्ष देत होता.

पुढच्या आठवड्यात मुलांनी तक्ते केले, शाळेच्या वाचनालयात लावायला. नात जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसली. एका बाजूला यादीची नक्कल चिकटवली, दुसऱ्या बाजूला चालणारी एक बाई काढली, कडेवर मूल. खाली नाव लिहायला रेघ आखून थांबली.

विहीणबाई पलीकडे बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी जपून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आपण तिला एखादं छानसं नाव देऊ या का? निदान तक्त्यापुरतं. त्या काळातलं एखादं." दोन-तीन नावं सुचवलीही. चांगली होती नावं.

नात माझ्याकडे बघत होती.

"नको," मी म्हणाले. "नाव एकदा ठेवून झालं असेल तिचं. ज्या घरी दिली त्या घराने, त्यांना हाक मारायला सोपं असेल ते. आता आपण परत ठेवायला नको."

"देन व्हॉट डू आय राइट?"

"लिही, नाव माहीत नाही."

तिने पेन उचललं, मग माझ्यापुढे धरलं. "तू लिही. मराठीत."

माझं अक्षर चौथीच्या मुलीचं आहे. ओळ वर चढत जाते. विहीणबाईंच्या अक्षराशेजारी ते दिसणार होतं. मी पदराला हात पुसून बसले आणि 'नाव माहीत नाही' एवढे तीन शब्द लिहिले. 'माहीत'ला वेळ लागला. नात माझ्या खांद्याला टेकून बघत होती, तिच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता.

लिहून झाल्यावर मी मान वर करून विहीणबाईंकडे बघितलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर हेवा दिसायला हवा होता. निदान एवढ्या एका गोष्टीसाठी. त्या चष्मा काढून साडीच्या पदराने पुसत होत्या. मी नीट न्याहाळून बघितलं. होता की नव्हता, मला सांगता येत नाही.